बाकावरच्यांची सेमिनरी

नागपुरात लूथरन सेमिनरी नाही. सेमिनरी म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, घडवणारी शाळा; लूथरन म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतली. मोठी लूथरन मंडळी, म्हणजे चर्चचा समुदायही, नाही. सदर, सिव्हिल लाइन्स, मोहननगर या भागांतली जुनी चर्चं स्कॉटिश, अँग्लिकन नाहीतर कॅथलिक वळणाची. तरीही लूथरन सेमिनऱ्यांनी एकत्र यावं का, आणि यावं तर कुणासाठी, हा प्रश्न मला इथे बसून फार जवळचा वाटतो. या शाळांकडे जाणाऱ्या वाटा आमच्या स्टेशनावरून फुटतात, हे त्याचं एक कारण. बल्लारशावरून दक्षिणेला निघालं की काझीपेठ, तिथून हैदराबाद, नाहीतर विजयवाड्यावरून थेट चेन्नई. चेन्नईत किलपॉकला गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेज आहे. हटियाची गाडी धरली की रांची आणि तिथलं गोस्नर लूथरन मंडळीचं कॉलेज. उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास छिंदवाडा, मध्य प्रदेशातल्या लूथरन मंडळीचं मुख्य ठाणं. १८७७ पासून स्वीडिश मिशनऱ्यांनी नरसिंहपूर, सागर, बैतूल, छिंदवाडा या पट्ट्यात उभी केलेली ही मंडळी. उपासना हिंदीत चालते, पण दक्षिणेच्या टोकाला, सौंसर-पांढुर्ण्याकडे, घरोघरी मराठीच बोलतात.

माझी आई तिकडची. लग्न करून नागपुरात आली आणि वडिलांच्या चर्चमध्ये मिसळून गेली. १९७० च्या नोव्हेंबरात इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्यांनी एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन केलं, तेव्हा लूथरन मंडळ्या त्यात नव्हत्या. आईला ते शेवटपर्यंत थोडं लागून राहिलं होतं. माहेरचे लोक मांडवात आलेच नाहीत, असं ती म्हणायची. तिच्या पेटीत मार्टिन लूथरची लहान प्रश्नोत्तरी होती, हिंदी. रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की त्यातली एक आज्ञा नाहीतर प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ ती म्हणायची आणि आम्हा भावंडांकडे बघून विचारायची, "इसका क्या अर्थ है?" उत्तर पाठ असलं तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा यायचा. ती फार शिकलेली नव्हती. पण शिकणं संपतं असं तिला कधी वाटलं नाही.

आता मी शाळेतून निवृत्त झाले आहे आणि आमच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा संध्याकाळी अभ्यासवर्ग घेते. मी पाळक नाही. येणारेही साधे लोक. वॉर्डात आयुष्य काढलेल्या एक सिस्टर, कामठी रोडवर ऑटो चालवणारा आणि रविवारी एका वस्तीत संदेश देणारा एक भाऊ, नर्सिंगच्या दोन मुली, अजनीच्या रेल्वे कॉलनीत राहिलेले एक तेलुगू काका. काकांचं लहानपण गुंटूरच्या लूथरन चर्चमध्ये गेलेलं. एकदा आम्ही पौलाचं गलतीकरांस पत्र वाचत होतो आणि मी सहज म्हणाले की हे आपल्या पाळकसाहेबांना विचारू, ते सेमिनरीत शिकले आहेत. सिस्टर म्हणाल्या, "बाई, ते शिकले हे बरंच झालं जी. पन त्याले तीस वर्षं झाली. आता त्याइले कोन शिकवते? अन् आम्हाले कोन शिकवंन?"

प्रश्न अगदी सरळ होता. मी तेव्हा दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडचा पाळक विशीत सेमिनरीत जातो. कुणी पुण्याला, कुणी जबलपूरला, लूथरन असेल तर चेन्नईला किंवा रांचीला. चार-पाच वर्षं तो ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास, सिद्धांत शिकतो. मग अभिषेक होतो, आणि तिथून पुढची तीस-पस्तीस वर्षं तो जवळपास एकटा असतो. लग्नं, बारशी, मयती. शाळेच्या कमिटीतली भांडणं. चर्चच्या जमिनीचे कागद. दारू सुटत नाही म्हणून रात्री अकराला फोन करणारी बाई. कुणाचा मुलगा पुण्याहून येतो आणि देव आहे कशावरून, असं विचारतो. यातलं बरंचसं सेमिनरीत शिकवलेलं नसतं, आणि जे शिकवलेलं असतं ते कळण्याइतकं त्याचं आयुष्य तेव्हा झालेलं नसतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

लूथरलाही ती कळली होती. १५४६ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, त्याने कागदावर चार ओळी लिहिल्या. पाच वर्षं मेंढरं राखल्याशिवाय कुणाला व्हर्जिलची गुराखीगीतं कळायची नाहीत, आणि संदेष्ट्यांच्या संगतीने शंभर वर्षं मंडळी सांभाळल्याशिवाय पवित्र शास्त्राची चव घेतली असं कुणी समजू नये, असा त्यांचा आशय. शेवटी लिहिलं, आपण भिकारी आहोत, हे खरं आहे. पवित्र शास्त्र जर्मनमध्ये आणणारा, आयुष्यभर विद्यापीठात शिकवणारा माणूस हे लिहितो. पुस्तक आधी वाचायचं, मग काम करायचं, मग त्या कामाचं ओझं घेऊन पुन्हा त्याच पुस्तकाकडे यायचं. ही पुन्हा येण्याची सोय सेमिनरीने करायला हवी, आणि तीच सगळ्यांत कमी होते.

त्याच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. १५२७-२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी झाली. लूथर स्वतः काही गावांत फिरला. लोकांना दहा आज्ञा येत नव्हत्या, प्रभूची प्रार्थना येत नव्हती, आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नव्हतं. तो हादरला. १५२९ मध्ये त्याने दोन प्रश्नोत्तऱ्या लिहिल्या, एक मोठी आणि एक लहान. लहान प्रश्नोत्तरीच्या भागांवर त्याने लिहून ठेवलं की घरातल्या कर्त्याने आपल्या घरच्यांना हे सोपं करून शिकवावं. मोठीच्या प्रस्तावनेत पाळकांना सांगितलं की मी डॉक्टर आहे, उपदेशक आहे, तरी लहान मुलासारखा रोज सकाळी हे म्हणतो. म्हणजे आईच्या पेटीतलं ते पुस्तक गावं फिरून आल्यावर लिहिलेलं होतं. बाकावर बसणाऱ्यांना काय येत नाही हे आधी कुणीतरी जाऊन पाहिलं. सेमिनऱ्यांच्या सहकार्याविषयी मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक सगळं या एका गोष्टीत आहे.

एकेका सेमिनरीने आपापलं का करू नये, असं कुणी विचारेल. हिशेब अवघड आहे. जुन्या कराराचा चांगला शिक्षक घडायला वीस वर्षं लागतात आणि असा शिक्षक प्रत्येक कॉलेजला मिळत नाही. ग्रंथालय महाग. शिवाय लूथरन मंडळ्या तमिळ, तेलुगू, हिंदी, संताळी, ओडिया, मुंडारी, कुडुख अशा कितीतरी भाषांत विखुरलेल्या. १९२६ साली त्यांचं फेडरेशन झालं. आजची युनायटेड इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन इंडिया ही त्याचीच पुढची अवस्था, आणि गुरुकुल तिच्याच छायेतलं. एकत्र येण्याची जागा आहे, सवयही आहे.

खरं तर भारतातल्या लूथरन कामाचा पायाच तीन घरच्या मदतीवर उभा राहिला. ९ जुलै १७०६ ला झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाव हे मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले ते डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले, पण माणसं जर्मन, हाले इथल्या धर्मशिक्षक फ्रांकेच्या तालमीतली. पुढे छापखाना आला तो लंडनच्या अँग्लिकन संस्थेकडून. त्यावर तमिळ नवा करार १७१५ पर्यंत छापून झाला. झिगेनबाल्गने तमिळ शिकायला गावच्या पंतोजींना त्यांच्या पोरांसकट आपल्या घरी शाळा भरवायला सांगितलं आणि स्वतः पोरांच्या रांगेत बसून वाळूत अक्षरं गिरवली. १७१६ मध्ये इथल्याच लोकांना घडवण्यासाठी त्याने सेमिनरी काढली, तिची सुरुवात अशा शिकण्यातून झालेली होती.

सेमिनऱ्या भांडल्या की काय होतं, हे मात्र मला आमच्या अजनीच्या काकांनी शिकवलं. ते एकदा म्हणाले, आमच्या गुंटूरचे लूथरन आणि राजमहेंद्रीचे लूथरन पूर्वी वेगवेगळ्या मिशनांचे होते. का, ते त्यांना माहीत नव्हतं. मी शोधायला लागले तेव्हा वाट पार पेनसिल्व्हेनियापर्यंत गेली.

अमेरिकेत गेटिसबर्गची लूथरन सेमिनरी १८२६ ची, सॅम्युएल सायमन श्मकर यांनी काढलेली. जुन्या लूथरन कबुलीजबाबाला, म्हणजे विश्वासाच्या लेखी मांडणीला, किती घट्ट धरून राहायचं यावर तिथे वाद पेटला, आणि घट्ट धरणाऱ्यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियाला वेगळी सेमिनरी काढली. १८६७ मध्ये मंडळ्यांचीही वेगळी चूल झाली. त्याआधीच, १८४२ साली, जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर हे अमेरिकेतले मिशनरी गुंटूरला येऊन काम सुरू करून गेले होते. फुटीनंतर गुंटूर एका बाजूकडे राहिलं. राजमहेंद्रीचं काम चालवायला माणसं आणि पैसा उरला नाही म्हणून ते अँग्लिकन मिशनला देऊन टाकायचं ठरत होतं. हायर यांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. ते सभेपुढे उभे राहिले, हे काम सोडू नका म्हणाले, आणि १८६९ मध्ये स्वतः जहाजात बसून राजमहेंद्रीला आले. राजमहेंद्री दुसऱ्या बाजूकडे गेली. एका वैचारिक भांडणाची रेघ अशी कृष्णा-गोदावरीच्या गावांतून ओढली गेली. त्या गावांतल्या लोकांना गेटिसबर्ग कुठे आहे हे ठाऊकही नव्हतं. अमेरिकेतल्या त्या मंडळ्या १९१८ मध्ये पुन्हा एक झाल्या, आणि १९२७ मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्च उभं राहिलं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "भांडण त्यांचं, अन् आमच्या आजोबांना राजमहेंद्रीची सोयरीक परक्या मंडळीतली वाटायची."

हायर यांच्याविषयी थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण आयुष्यभर शिकणारा माणूस म्हणून माझ्यापुढे तेच येतात. पहिल्यांदा भारतातून परत गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गुंटूरला रोगी माणसं पाहून आले होते, म्हणून त्या वयात बाल्टिमोरला वैद्यक शिकले, आणि डॉक्टर होऊन पुन्हा आले. शेवटची वर्षं फिलाडेल्फियाच्या सेमिनरीतच गेली, विद्यार्थ्यांचे वडीलधारे म्हणून. १८७३ मध्ये ते वारले. पाहिलेल्या दुखण्यानं त्यांना पन्नाशीनंतर वर्गात नेऊन बसवलं.

त्याच गेटिसबर्ग आणि फिलाडेल्फिया सेमिनऱ्या १ जुलै २०१७ ला एक झाल्या, १५३ वर्षांनी. मधल्या काळात, १९९० च्या दशकात, त्यांच्या मंडळीने आपल्या आठ सेमिनऱ्यांचे तीन गट केले होते. पूर्वेच्या गटात या दोघी आणि दक्षिण कॅरोलिनातली एक. शिक्षक वाटून घ्यायचे, सेवेत असलेल्या पाळकांना आणि साध्या सभासदांना पुन्हा शिकता यावं अशी सोय करायची, आणि हे सगळं मिशनसाठी, असा विचार त्यामागे होता. विचार मला मनापासून पटतो. पुढे मात्र खर्च वाढले, विद्यार्थी घटले. दक्षिणेतली सेमिनरी २०१२ मध्ये एका विद्यापीठात गेली, बर्कलीची २०१४ मध्ये दुसऱ्या विद्यापीठात. हे अपरिहार्य असेल, मी दुरून त्यांना दोष देत नाही. पण इमारत वाचवायला एकत्र येणं आणि शिकणाऱ्यापर्यंत पोचायला एकत्र येणं यांत फरक आहे. आपण भारतात दुसऱ्या कारणासाठी आत्ताच एकत्र यावं, पहिल्याची पाळी यायची वाट बघू नये, असं मला वाटतं.

आपल्याकडे हे जमतं, याचा पुरावा जवळच आहे. दक्षिणेत १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा लूथरन त्यात गेले नाहीत. पण १९६४ मध्ये राजमहेंद्रीला तेलुगू लूथरन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट आणि सी.एस.आय. यांनी मिळून आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज सुरू केलं आणि पुढे ते हैदराबादला नेलं. मंडळ्या एक झाल्या नाहीत, पण पाळक एका बाकावर बसून शिकले. बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटचंही, म्हणजे सेमिनऱ्यांच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचंही, तसंच. बाप्टिस्टांनी १८१८ मध्ये काढलेल्या कॉलेजला १८२७ ची सनद दिली डेन्मार्कच्या लूथरन राजाने, आणि आज गुरुकुल, गोस्नर, हैदराबाद, सगळ्यांच्या पदव्या त्या सिनेटच्या. घरी राहून, नोकरी करून ख्रिस्ती अभ्यासाची पदवी घेण्याची सोयही सिनेटने ठेवली आहे. आमच्या यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. विदर्भातून एक मोठं ग्रंथालय गेलं, याची हळहळ जुने लोक अजून बोलून दाखवतात.

शिक्षकाने विद्यार्थ्याकडे जायचं, ही कल्पना काही नवी नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ती करून पाहिली. मंडळी चालवणारे शेतकरी घरदार सोडून शहरात शिकायला येऊ शकत नव्हते, तेव्हा शिक्षकच आठवड्याला त्यांच्याकडे जाऊ लागले. १९७१ मध्ये बंगळुरूला त्याच धर्तीवर काम सुरू झालं.

रांचीकडची एक गोष्ट मात्र राहून जाता कामा नये. १८४५ मध्ये तिथे आलेल्या जर्मनांच्या हाताखाली ती मंडळी वाढली. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना हलवलं आणि लाखाच्या आसपासची मंडळी एका रात्रीत पोरकी झाल्यासारखी झाली. १९१९ च्या जुलैत तिने स्वतःचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. उरांव आणि मुंडा पाळक, शिक्षक, गावचे प्रचारक यांनी ती सांभाळली. ज्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं तेच उपयोगी पडले. गावातल्या माणसाला शिकवणं ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास वाचावा.

आता मिशन. नागपुरात हा शब्द उच्चारला की कुणी दचकतं, कुणी सीताबर्डीचं मूर मेमोरियल हॉस्पिटल आठवतं, कुणी हिस्लॉप कॉलेज. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला इथे आला. मराठी शिकला, शाळा काढली, गोंडांच्या गाण्या-गोष्टी लिहून घेतल्या, इथल्या खडकांतली जीवाश्मं जमवली. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ च्या सप्टेंबरात पुराच्या पाण्यात गेला. तो लूथरन नव्हता, पण ज्या माणसांत आपण राहतो त्यांना जाणून घेत राहणं हा मिशनचाच भाग आहे, हे त्याच्याइतकं नागपूरला कुणी दाखवलं नाही. शिकणं आणि मिशन ही दोन खाती नव्हेत, असं मी म्हणते तेव्हा माझ्या मनात तो असतो.

आणि विदर्भात मिशन म्हणजे आज काय, हे आमच्या ऑटोवाल्या भावाने मला विचारलं होतं. त्याच्या बहिणीच्या गावात एका कापूसवाल्या शेतकऱ्याने फवारणीचं औषध घेतलं. घर ख्रिस्ती नव्हतं, पण ओळखीचं. हा भेटायला गेला आणि तिथे बसून राहिला. त्याला वाटत होतं काहीतरी बोलावं, आणि जे तोंडावर येत होतं, देवाची इच्छा, देव परीक्षा पाहतो, ते त्या बाईसमोर बोलवेना. "बाई, मी काय बोलायला पाहिजे होतं?"

लूथरन परंपरेकडे या प्रश्नासाठी काहीतरी आहे. १५१८ मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत लूथरने मांडलं की वैभवाकडे बघून देवाविषयी बोलणारा वाईटाला चांगलं म्हणतो आणि चांगल्याला वाईट, आणि क्रूसाकडे बघून बोलणारा जे जसं आहे तसं म्हणतो. कर्ज म्हणजे कर्ज, पडलेला भाव म्हणजे पडलेला भाव, ते मरण म्हणजे देवाची लीला नव्हे. देव त्या ओसरीवर आहे तो मार खाल्लेल्यांच्या बाजूला. हे मी भावाला जमेल तसं सांगितलं. पण हा विषय मला एक-दोन पुस्तकांपुरताच येतो. गुरुकुलात, रांचीत असे शिक्षक आहेत ज्यांनी यावर आयुष्य घातलं आहे. ते त्यांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत, हिंदीत शिकवतात. तो विद्यार्थी बावीस वर्षांचा असतो, त्याने अजून अशी ओसरी पाहिलेली नसते. ज्याने पाहिली आहे तो नागपुरात ऑटो चालवतो.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. या सेमिनऱ्यांनी मिळून आधी एक पाहणी करावी, सॅक्सनीत झाली तशी. छिंदवाडा, बैतूल, नागपूर, वर्धा, यवतमाळ या भागात दोन-दोन शिक्षकांनी फिरावं, पाळकांबरोबर मयतीला जावं, महिला मंडळात बसावं, काय विचारतात ते लिहून घ्यावं. पाहणी परंपरेच्या भिंती बघून करू नये. आमचं सी.एन.आय., त्यांचं लूथरन, हे कागदावर ठीक आहे. मग त्या प्रश्नांवर छोटे अभ्यासक्रम करावेत. हिंदी रांचीने आणि छिंदवाड्याने बघावं, मराठीसाठी पुण्याच्या सेमिनऱ्यांना सोबत घ्यावं. पदवी कुणाची याची चर्चा शेवटी ठेवावी. पाळकांसाठी दर काही वर्षांनी महिनाभराची रजा मंडळीनेच द्यावी, आणि त्या महिन्यात रविवारचा संदेश आमच्यासारख्यांनी सांभाळावा, म्हणजे आम्हालाही शिकणं भाग पडेल. एका कॉलेजच्या शिक्षकाला दुसऱ्या कॉलेजने उसना मागितला तर नाही म्हणू नये. आणि एकदा तरी या सगळ्यांनी नागपुरात भेटावं. नॅशनल काउन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्य कार्यालय इथे सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तेव्हा बैठकीला जागेची अडचण नाही. चेन्नईहून, हैदराबादहून, रांचीहून सरळ गाडी आहे. बैठक दोन दिवसांची ठेवावी, त्यातली एक संध्याकाळ आमच्या वर्गाला द्यावी. मे महिना टाळावा. सिस्टरना जानेवारी सोयीचा पडतो, त्यांनी प्रश्न वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.